ऑप्शनल लिहिलंय म्हणून ओळच काढली!

चिपच्या कंपनीने लिनक्स ड्रायव्हरच्या सेटिंगच्या फाइलमधून एक ओळ काढली. एकच. त्या एका ओळीने माझे अकरा दिवस खाल्ले आणि चवथीच्या आधीचा माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीचा, बाजारही खाल्ला. बाबा एकटेच पावसात भिजत डिचोलीच्या बाजारात गेले, सुपारीचे घड आणि चिबूड घेऊन आले, आणि मी आतल्या खोलीत लिंकरची, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे जोडणाऱ्या साधनाची, तीच तक्रार विसाव्यांदा वाचत बसले होते. राग डोक्यात मावत नाही म्हणून लिहितेय.

आम्ही कारखान्यांसाठी छोटे गेटवे बनवतो, म्हणजे यंत्रांना नेटवर्कशी जोडणारे डबे. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पॅकिंग लाइनवर दोन यंत्रांची घड्याळं मायक्रोसेकंदाच्या आत जुळवायची होती. त्यासाठी पीटीपी लागतं, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची प्रमाण पद्धत, आयईईई १५८८. पॅकेट आलं किंवा गेलं की त्याची वेळ नेटवर्कची चिप स्वतःच नोंदवते आणि त्या चिपचं घड्याळ लिनक्समध्ये वेगळं डिव्हाइस म्हणून दिसतं. चिप एका मोठ्या कंपनीची. ती चालवणारा ड्रायव्हरही त्यांचाच, त्यांनी बदललेल्या कर्नलसोबत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबत, आलेला.

बोर्डवर काम चालू असताना रूट फाइलसिस्टम एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरूनच, येते, म्हणून इथरनेटचा ड्रायव्हर कर्नलच्या आतच लागतो. तो मी वाय केला, म्हणजे आतच बसवला. कंपनीच्या कॉन्फिगमध्ये पीटीपी एम होतं, म्हणजे नंतर वेगळं लोड होणारं मॉड्यूल. ते तसंच राहिलं. मेक लावलं, बिल्ड सुरू. बाहेर पाऊस कोसळत होता, दोनदा वीज गेली, लॅपटॉप इन्व्हर्टरवर. जवळजवळ पन्नास मिनिटं एकेक फाइल कंपाइल होत गेली आणि अगदी शेवटी, सगळे तुकडे जोडताना: अनडिफाइन्ड रेफरन्स, पीटीपी क्लॉक रजिस्टर. म्हणजे हे फंक्शन सापडतच नाही. खलास.

कारण अवघड नाही. चतुर्थीला माटोळीची चौकट आधी छताला पक्की बांधतात, मग तिला घड आणि फळं लावतात. चौकट टांगायचा दोरच दुसऱ्या दिवशी येणार असेल तर चौकट वर राहील कशी? कर्नलच्या आत बसलेला ड्रायव्हर ज्या फंक्शनला हाक मारतो, ते फंक्शन बूट झाल्यावर कधीतरी लोड होणाऱ्या मॉड्यूलमध्ये असेल तर लिंकर जोडणार कशाला? ड्रायव्हर वाय, पीटीपी एम, ही जोडी चालूच शकत नाही. दोघांच्या प्रत्येकी तीन अवस्था, वाय, एम आणि एन म्हणजे बंद, मिळून नऊ जोड्या. त्यातली फक्त ही एक मोडते. आठ चालतात! म्हणूनच ती एक कुणी तपासत नाही.

आणि ही जोडी अडवायची सोय कर्नलमध्ये कधीपासून आहे. केकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय ठरवणाऱ्या फाइलमध्ये, लिहायचं: डिपेंड्स ऑन पीटीपी १५८८ क्लॉक ऑप्शनल. बस, एवढंच. पीटीपी बंद असेल तर ड्रायव्हर हवा तसा ठेवा. पीटीपी वाय असेल तरी हवा तसा ठेवा. पीटीपी एम असेल तर मात्र ड्रायव्हरलाही एमच्या वर जाता येत नाही. ही ओळ असती तर पर्याय निवडायच्या पडद्याने, मेन्यूकॉन्फिगने, मला वाय निवडूच दिलं नसतं. अर्ध्या मिनिटात माझ्या लक्षात आलं असतं, मी पीटीपीही वाय केलं असतं आणि बाबांबरोबर बाजारात गेले असते.

ओळ होती हो! गिट लॉग, म्हणजे बदलांची नोंद, उघडला तर मूळ ड्रायव्हरमध्ये ती होती. मग त्यांच्यातल्या कुणीतरी साफसफाईचा कमिट, म्हणजे बदल, केला आणि ती काढून टाकली. कारण काय दिलंय, तर हे अवलंबन पर्यायी आहे, सबब अनावश्यक. नावात ऑप्शनल शब्द दिसला म्हणून काढलं! अरे बाबा, ऑप्शनल पीटीपी आहे, ती ओळ नाही. त्या नावाची व्याख्या जेमतेम तीन-चार ओळींची आहे, ती उघडून वाचायला किती वेळ लागतो? ज्या ओळीचा अर्थ कळला नाही तिला हात लावायचा अधिकार तुला कुणी दिला?

हाच प्रकार डिपेंड्स ऑन आयपीव्ही६ किंवा आयपीव्ही६ बरोबर एन, या ओळीचा. नवीन माणसाला वाटतं, असलं तरी चालेल आणि नसलं तरी चालेल, मग लिहायचं कशाला? पण केकॉन्फिगमध्ये दोनच किमती नाहीत, तीन आहेत. एन म्हणजे ०, एम म्हणजे १, वाय म्हणजे २, आणि 'किंवा' म्हणजे दोन्हींतली मोठी किंमत. आयपीव्ही६ एम असेल तर पहिली बाजू १, दुसरी ०, उत्तर १. म्हणजे ड्रायव्हर एमच्या पुढे जाणार नाही. निरर्थक दिसणाऱ्या त्या ओळीत हा सगळा हिशेब भरलाय. वायरगार्ड या व्हीपीएनच्या केकॉन्फिगमध्येही याच धाटणीची ओळ आहे. ती काय शोभेला ठेवलीय?

सगळ्यात चीड याची येते की पीटीपीचा हा गुंता सोडवायला लोकांनी वर्षं घातली आहेत. आधी ड्रायव्हर सरळ सिलेक्ट पीटीपी लिहायचे, म्हणजे पीटीपी सक्तीने चालू, त्यामुळे लहान यंत्रांसाठी पॉझिक्स टायमर हा पीटीपीला लागणारा कर्नलचा भाग काढून टाकता येईना. म्हणून २०१६ मध्ये इम्प्लाय आणलं, म्हणजे सुचवायचं पण सक्ती करायची नाही. २०२० मध्ये इम्प्लायचा अर्थ बदलला आणि वाय ड्रायव्हरने सुचवलेलं पीटीपी एम राहू शकायला लागलं. पुन्हा तीच मोडणारी जोडी! शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी एकेक इथरनेट ड्रायव्हर धरून हे ऑप्शनलवालं अवलंबन लावलं. हा माणूस वर्षानुवर्षं कॉन्फिगच्या यादृच्छिक जोड्या बिल्ड करून अशा चुका शोधतो. आणि इथे कुणीतरी नीटनेटकेपणाच्या नावाखाली ते काम एका दुपारी पुसून टाकतो.

मी कंपनीला लिहिलं. एररचा मजकूर, कॉन्फिग, कमिटचा क्रमांक, सगळं दिलं. चार दिवसांनी पॅच, म्हणजे कोडमधला बदल, आला. ओळ परत घातली का? नाही! पीटीपी सुरू करणाऱ्या कोडभोवती इज रीचेबलची अट घातली. पीटीपी मॉड्यूल असेल आणि आपण कर्नलच्या आत असू तर ती अट खोटी ठरते आणि तेवढं कोड गुपचूप वगळलं जातं. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. बिल्ड हिरवं.

चूक माझीही झाली, मी त्या हिरव्या बिल्डवर विश्वास ठेवला. आमच्या स्क्रिप्टला हार्डवेअर घड्याळ मिळालं नाही की ती मुकाट्याने सॉफ्टवेअर टाइमस्टॅम्पवर, म्हणजे चिपऐवजी सॉफ्टवेअरने नोंदवलेल्या वेळेवर, जाते, त्यामुळे बोर्ड लागले, चालू झाले, सगळं ठीक दिसलं. दुसऱ्या दिवसापासून दोन यंत्रांच्या वेळा जुळेनात. तीन दिवस मी आमोण्याच्या पुलावरून, माशेल करून, रेनकोट चढवून कुंडईला जातेय. केबल बदलल्या. स्विच बदलला. तिथला फोरमन सकाळी विचारतो, "मॅडम, आज होणार ना?" आणि माझ्याकडे उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ईथटूल या नेटवर्क तपासायच्या कमांडला टी लावून विचारलं तर पीटीपी हार्डवेअर क्लॉकपुढे उत्तर एकच शब्दाचं: नन. घड्याळच नाही! तीन दिवस मी नसलेलं घड्याळ जुळवत होते.

लिंकरची एरर निदान तोंडावर बोलते. चूक लपवणाऱ्या पॅचला दुरुस्ती म्हणू नका. मोडलेलं बिल्ड मला पन्नास मिनिटांत कळलं, हे कळायला तीन दिवस आणि गिऱ्हाइकाचा भरवसा गेला.

पुन्हा लिहिलं, या वेळी आवाज चढवून. उत्तर आलं: मग सिलेक्ट करून टाका. म्हणजे चाक फिरून पुन्हा २०१६ च्या आधी! सिलेक्ट समोरच्या पर्यायाची स्वतःची अवलंबनं बघतच नाही, थेट चालू करतं. पीटीपीला नेट आणि पॉझिक्स टायमर लागतात. आमच्या सगळ्यात लहान बोर्डावर पॉझिक्स टायमर बंद आहेत. तिथे लगेच वॉर्निंग आली, अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज, म्हणजे लागणारी अवलंबनं पुरी नाहीत. शिवाय ज्याला पीटीपी नकोच आहे, त्याला ते बंद करायची वाटही उरत नाही. दिसेल तिथे सिलेक्ट लावू नका, जपून वापरा, हे कर्नलच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय. वाचत का नाही कुणी?

काल रात्री मीच बसले. ओळ परत घातली, इज रीचेबल काढलं, सिलेक्टचा तर प्रश्नच नाही. नऊच्या नऊ जोड्या एकेक करून तपासल्या. आठ बिल्ड झाल्या. जी मोडत होती ती आता निवडताच येत नाही. शेवटचं बिल्ड संपलं तेव्हा पोदेराचा, पाववाल्याचा, हॉर्न वाजत होता. आई उंडे घेऊन आत आली आणि म्हणाली, "अगो, तू झोपलीसच नाही?"

पॅच पाठवला. कोणत्या कमिटने मोडलं तेही फिक्सेसच्या ओळीत लिहिलं. दुपारी उत्तर आलं: पुढच्या रिलीजमध्ये विचार करू. विचार? विचार ओळ काढताना करायचा होता! तुमचा हाच ड्रायव्हर आणखी किती जणांच्या बोर्डावर आहे, आणि त्यातल्या किती जणांचं घड्याळ आत्ता या क्षणी गुपचूप बंद आहे? एका ओळीचा पॅच आहे, नऊ जोड्या तपासून दिलाय, तुम्हाला फक्त लावायचाय. पुढच्या रिलीजमध्ये नाही. आज लावा.