कवळी आणि कडुलिंबाचा काढा : खुलासा

"कवळी रात्रभर कडुलिंब-आमसुलाच्या उकळत्या काढ्यात ठेवा, ब्रशची गरजच नाही" असा मेसेज रत्नागिरी-मालवणकडे फिरतोय. कडुलिंबाच्या अर्काने जंतू कमी होतात हे प्रयोगशाळेत दिसलंय, ते खरंच. पण तो मोजूनमापून काढलेला अर्क; घरच्या काढ्याची ताकद दर वेळी वेगळी. शिवाय कवळीवरचा बुळबुळीत थर नुसता भिजवून सुटत नाही, घासावाच लागतो. आणि उकळत्या पाण्याने कवळीचं ॲक्रिलिक (एक प्रकारचं प्लास्टिक) वाकतं, मग कवळी हिरडीवर नीट बसत नाही, टोचते. आमसुलाचे डागही पडू शकतात. मी दंतवैद्य आहे, पेशंटना एवढंच सांगते : मऊ ब्रश, सौम्य साबण, रात्री काढून साध्या पाण्यात. आजी-आजोबांसाठी तरी तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.