स्टोनरचा मृत्युलेख विल्यम्स यांच्या माथी

अमेरिकी कादंबरीकार जॉन विल्यम्स यांच्याविषयी एक मजकूर वाचकांत वारंवार फिरतो: ‘स्टोनर’ ही त्यांची कादंबरी म्हणजे आत्मकथाच आहे, नायकाप्रमाणे तेही उपेक्षित मास्तर म्हणून जगले आणि त्यांच्या मृत्यूनंतरच या पुस्तकाची कोणीतरी दखल घेतली.

यातले आत्मकथेचे विधान सर्वांत कच्चे आहे. कादंबरीचा नायक विल्यम स्टोनर 1891 साली जन्मतो. विल्यम्स यांचा जन्म 1922चा. शेतकी शिकायला मिसुरी विद्यापीठात आलेला स्टोनर शेक्सपिअरच्या एका सुनीताचा अर्थ विचारला जाताच भर वर्गात निरुत्तर होतो, त्या क्षणापासून साहित्याचा होतो आणि मरेपर्यंत ते विद्यापीठ सोडत नाही. पहिल्या महायुद्धात तो भरतीही होत नाही. विल्यम्स मात्र दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात दाखल झाले, भारत आणि ब्रह्मदेशात होते, आणि पहिल्या कादंबरीचा खर्डा त्यांनी त्याच काळात केला. स्टोनर एकाच विफल संसारात अखेरपर्यंत राहतो, तर विल्यम्स यांचे चार विवाह झाले. मिसुरीतून त्यांनी 1954 मध्ये डॉक्टरेट मिळवली, हे खरे. परंतु ‘स्टोनर’च्या अर्पणपत्रिकेत तिथल्या जुन्या सहकाऱ्यांना उद्देशून हे सारे काल्पनिक असल्याचे त्यांनीच बजावले आहे. (अर्पणपत्रिका सहसा कोणी वाचत नाही, हा भाग वेगळा.)

‘उपेक्षित मास्तर’ ही प्रतिमा तर कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदातून उचललेली दिसते. सहायक प्राध्यापकाच्या वर कधी न चढलेला आणि विद्यार्थ्यांच्या फारसा स्मरणात न राहिलेला माणूस तिथे भेटतो, तो स्टोनर. विल्यम्स यांनी मात्र 1955 पासून 1985 मध्ये निवृत्त होईपर्यंत डेन्व्हर विद्यापीठात अध्यापन केले, तिथला सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम चालवला आणि विद्यापीठाच्या वाङ्मयीन त्रैमासिकाचे ते पहिले संपादक होते. त्यांच्या ‘ऑगस्टस’ या कादंबरीला 1973 मध्ये नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले, कादंबरीकार जॉन बार्थ यांच्यासोबत विभागून.

तिसऱ्या विधानात तथ्य आहे, पण अर्धेच. 1965 साली ‘स्टोनर’च्या जेमतेम दोन हजार प्रती खपल्या, विल्यम्स 1994 मध्ये वारले आणि 2006 च्या नव्या आवृत्तीनंतर, विशेषतः 2011 च्या फ्रेंच अनुवादापासून, ती युरोपभर गाजली. मात्र खप आणि दखल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतकी चांगली कादंबरी प्रसिद्ध का नाही, असा प्रश्न ब्रिटिश कादंबरीकार सी. पी. स्नो यांनी 1973 मध्येच छापील परीक्षणात विचारला होता. त्या वेळी विल्यम्स डेन्व्हरमध्ये वर्गावर जात होते.