फडफडणारी स्क्रीन आणि 'नोमोडसेट'चा उतारा

'लिनक्सवर स्क्रीन फडफडते? ग्रबमध्ये नोमोडसेट टाका. वेलँड उडवा. तरी थांबलं नाही तर लिनक्स तुमच्या मशीनसाठी नाहीच.' हा मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. नागपूरच्या महाल भागातल्या एका मित्राने तो तंतोतंत पाळला आणि मग मला बोलावलं.

नोमोडसेटपासून सुरुवात करू. ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्स लोड करणारा प्रोग्रॅम आणि नोमोडसेट हा त्यात लिहायचा एक पर्याय. रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट ठरवायचं काम कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ग्राफिक्स ड्रायव्हर करतो. नोमोडसेट त्याला सांगतं, 'हात लावू नको.' मग फर्मवेअरने (मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरने) दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर, म्हणजे चित्र साठवायच्या मेमरीवर, गाडी ढकलायची: रिझोल्यूशन अडकलेलं, दुसरा मॉनिटर बंद, व्हिडिओचा सगळा भार सीपीयूवर. इन्स्टॉल करताना काळी स्क्रीन आली तर आत शिरायला हे ठीक. पण काहींची फडफड याने थांबते, म्हणून मेसेज फिरत राहतो. थांबते, कारण ड्रायव्हरच बाजूला बसवलेला असतो. इंटेलच्या लॅपटॉपवर बरेचदा खरा गुन्हेगार असतो पॅनेल सेल्फ रिफ्रेश, म्हणजे चित्र स्थिर असताना वीज वाचवायची सोय. तेवढीच बंद करायला 'आय९१५.एनेबल_पीएसआर=०' हा पॅरामीटर आहे. नखाला कुऱ्हाड कशाला?

वेलँडबद्दलचं म्हणणं अगदीच खोटं नाही, शिळं आहे. वेलँड म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडक्या पडद्यावर दाखवायची नवी पद्धत, एक्स११ ही जुनी; जुन्या पद्धतीचे प्रोग्रॅम वेलँडवर चालवतं ते एक्सवेलँड. एनव्हिडिया कार्डावर एक्सवेलँडमधून चालणारे प्रोग्रॅम खरंच फडफडायचे, कारण फ्रेम पूर्ण तयार व्हायच्या आधीच पडद्यावर जायची. २०२४ मध्ये एक्सप्लिसिट सिंक आलं, म्हणजे फ्रेम तयार होईपर्यंत थांबायची सोय: एनव्हिडियाचा ड्रायव्हर ५५५, एक्सवेलँड २४.१ आणि डेस्कटॉप ग्नोम ४६.१ किंवा प्लाझ्मा ६.१. यापेक्षा जुनं काही असेल तर लॉगिनच्या वेळी एक्स११ सेशन निवडा. 'उडवायची' गरज नाही.

आता तिसरा मुद्दा, 'लिनक्स तुमच्या मशीनसाठी नाही.' इथे मित्राचीच गोष्ट सांगतो. मे महिन्यातली दुपार, खिडकीत कूलर धडधडतोय, नोमोडसेटच्या कृपेने डेस्कटॉप १०२४ बाय ७६८ वर, अक्षरं ढब्बू. आणि फडफड आहे तशीच! 'जर्नलसीटीएल -के' ने कर्नलच्या नोंदी पाहिल्या, ग्राफिक्सची एक तक्रार नाही. थोडा वेळ नुसता बघत बसलो. कूलरची मोटर सुरू झाली की स्क्रीन क्षणभर काळी. मशीन रीस्टार्ट करून बायोसच्या मेनूत थांबलो आणि त्याला म्हटलं, "आता कूलर बंद-चालू कर." तिथेही काळी! लिनक्स तर अजून लोडच झालं नव्हतं. कूलर, मॉनिटर आणि कॉम्प्युटरचा डबा, तिघेही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर.

बायोसमध्ये फडफड दिसली की केबल, पॅनेल, वीज बघा. तिथे नसेल तर स्क्रीन रेकॉर्डरने (फोनच्या कॅमेऱ्याने नव्हे) रेकॉर्डिंग करा. रेकॉर्डिंगमध्ये फडफड उतरली तर बहुधा कंपोझिटर (सगळ्या खिडक्या जोडून पडदा रंगवणारा भाग) किंवा प्रोग्रॅम. नाही उतरली तर रिफ्रेश रेट ७५ वरून ६० करून पाहा, केबल बदला. पक्का निकाल नव्हे, पण दिशा कळते. फडफड अपडेटनंतर सुरू झाली असेल तर ग्रबच्या अॅडव्हान्स्ड मेनूतून आधीचा कर्नल लावून बघा.

मित्राकडे मॉनिटरचा प्लग भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटला लावला, नोमोडसेट खोडलं, 'अपडेट-ग्रब' चालवलं. आता ठणठणीत. कूलर बंद ठेव म्हणायची माझी हिंमत नव्हती; नागपुरात मे महिन्यात असं कोणी म्हणत नसते बावा.