चाळीस ओळींपैकी कामाची एकच?

नमस्कार. बॅकअपच्या स्क्रिप्टवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. चाळीस ओळींत खरं काम करणारी ओळ आरसिंकची, म्हणजे फाइली कॉपी करणाऱ्या कमांडची, बाकी नुसता बागुलबुवा. बोर्ग, रेस्टिक अशी बॅकअपची तयार साधनं असताना हा खटाटोप कशाला? आणि माझी स्क्रिप्ट काही बिघडलेलं नसताना रोज रात्री ‘अपयश’ म्हणून मेल पाठवते. शेवटच्यापासून सुरू करतो, कारण तिथे चूक माझीच आहे.

कॉपी चालू असताना एखादी तात्पुरती फाइल नाहीशी झाली, तर आरसिंक काम संपताना निकाल म्हणून 24 हा क्रमांक परत देतं (शून्य म्हणजे सगळं ठीक). चालू मशीनवर हे रोजचंच. मी शून्य सोडून प्रत्येक क्रमांकाला अपयश धरलं होतं, म्हणजे रोज रात्री ‘लांडगा आला रे आला’. असे मेल आठवडाभर आले की माणूस त्यांना फिल्टर लावून मोकळा होतो. लेखातली स्क्रिप्ट दुरुस्त केली आहे. 24 आला तर आता फक्त लॉगमध्ये नोंद होते. 23 मात्र अपयशच राहील, कारण त्याचा अर्थ काही फाइली चुकीमुळे पोचल्याच नाहीत.

आता तुमची एकच ओळ. रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीतून, ती रात्री चालली आणि बाहेरची डिस्क लावलेलीच नसली, तर? माउंट पॉइंट, म्हणजे डिस्क जिथे जोडली जाते ती जागा, हे शेवटी एक साधं फोल्डर. डिस्क नसली तरी ते जागेवर असतं. आरसिंक त्यात, म्हणजे मूळ डिस्कवरच, मुकाट्याने कॉपी करतं आणि जागा पुरली तर शून्य परत देतं. उलट बाजू याहून वाईट. मूळ डेटाची डिस्क माउंट झाली नाही आणि ओळीत ‘डिलीट’ पर्याय (मुळात नसलेल्या फाइली बॅकअपमधूनही पुसणारा) असला, तर मूळ फोल्डर रिकामं दिसतं. वाचताना अडचण आली तर आरसिंक पुसणं टाळतं, पण रिकामं फोल्डर वाचायला त्याला कसली अडचण? ते बॅकअपही तसाच रिकामा करून ठेवतं. तुम्हाला बागुलबुवा वाटलेल्या ओळींपैकी चार या दोन डिस्का जागेवर आहेत का तेवढंच बघतात, आणि ‘मॅक्स-डिलीट’ एका रात्रीत किती फाइली पुसायच्या याला मर्यादा घालतं.

पाइपफेलची ओळ (पाइपमधली कुठलीही कमांड अडली तरी अपयश धरा, असं सांगणारी) कुठून आली तेही सांगतो, जरा लाज वाटते तरी. डेटाबेसचा डम्प, म्हणजे पूर्ण उतारा, पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) डेटा दाबून लहान करणाऱ्या जीझिपला द्यायचा आणि तारखेच्या नावाने फाइल ठेवायची, अशी माझी जुनी स्क्रिप्ट होती. मध्ये कधीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला. डम्प अडला, त्याची तक्रार स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांच्या संदेशांच्या वाटेवर, गेली, आणि ती मीच ‘कटकट नको’ म्हणून डेव्ह-नलमध्ये, म्हणजे सगळं गिळून टाकणाऱ्या कचरापेटीत, ढकललेली. पाइपचा निकाल मात्र शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) शेवटच्या कमांडवरून ठरवतं, आणि जीझिपचं काम चोख झालं होतं: काहीच न आलेलं त्याने व्यवस्थित दाबून ठेवलं. रोज नवी फाइल, नवी तारीख. एक जुना टेबल परत हवा झाला तेव्हा मी पहिल्यांदा आकार बघितले. 20 बाइट, 20 बाइट, 20 बाइट... रिकाम्या इनपुटचं जीझिप एवढंच भरतं. आता पाइपफेल आहेच, शिवाय डम्प कालच्या निम्म्याहून लहान निघाला तर स्क्रिप्ट थांबते.

तुमच्या बाजूचा एक दाखला मीच देतो. डिसेंबर 2021 मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरचा सुमारे 77 टेराबाइट डेटा बॅकअपच्या स्क्रिप्टनेच पुसला. स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर सुधारलेली प्रत टाकली गेली. बॅश हे शेल स्क्रिप्टची फाइल वाचत वाचत पुढे जातं, त्यामुळे ते नव्या प्रतीच्या मध्यात शिरलं, व्हेरिएबल रिकामे राहिले, आणि जुने लॉग काढणारी ओळ भलत्याच फाइलींवर चालली. तेव्हा ओळी वाढवणं फुकट नसतं, हे मान्य. पण यावर माझा उपाय म्हणजे आणखी एक ओळ, ‘सेट -यू’ (न ठरवलेलं व्हेरिएबल आलं की स्क्रिप्ट थांबवणारी), आणि स्क्रिप्ट बदलताना जुनीवर न लिहिता नवी फाइल शेजारी तयार करून एमव्हीने (फाइल हलवणाऱ्या कमांडने) जागेवर आणायची सवय.

बोर्ग-रेस्टिकबद्दल वाद नाही. आवृत्त्या आणि एन्क्रिप्शन ती माझ्याहून कितीतरी चांगलं सांभाळतात, मीही वापरतो. पण त्यांनाही रात्री दोन वाजता कोणीतरी हाक मारतं, आणि रिकामा डम्प तीही तितक्याच निष्ठेने जपून ठेवतील. कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबचं 31 जानेवारी 2017 चं प्रकरण बघा, चालू डेटाबेस चुकून पुसला गेला ते. पोस्टग्रेस या डेटाबेसचं नेहमीचंच डम्प, पण 9.6 आवृत्तीच्या डेटाबेसवर 9.2 चं चाललं आणि चूक देऊन बंद पडत राहिलं. क्रॉन मेल पाठवत होता, ते डीमार्कच्या (मेल खरंच त्या पाठवणाऱ्याचा आहे का, हे बघणाऱ्या) तपासणीत परत फिरत होते. कोणाला पत्ता नाही. एका अभियंत्याने सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, होता, त्यावर निभावलं.

म्हणून माझी स्क्रिप्ट अपयशाच्या मेलवर विसंबत नाही. सगळं पार पडल्यावर ती दुसऱ्या मशीनला ‘झालं’ एवढंच कळवते, आणि सकाळी सातपर्यंत ते आलं नाही तर ओरडायचं काम त्या मशीनचं.

तुमची एक ओळ एकदा डिस्क काढून चालवा. मात्र खऱ्या डेटावर नको, चाचणीचं फोल्डर घ्या. कोणता क्रमांक परत येतो ते इथे लिहा.