राजीनामा आधी की मेडिकल आधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

‘चाळिशीत पायलट’ या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं : मिस्टर एकोणचाळीस वर्षांचे, दोन मुलं शाळेत, घराचं कर्ज अजून अकरा वर्षं फिटायचं आहे, आणि लेख वाचून ते राजीनामा द्यायला निघालेत. ‘वय आड येत नाही हे तीनदा लिहिलंत, घर कोण चालवणार हे एकदाही नाही,’ असं तुम्ही म्हणता. पुढे विचारता, ‘शनिवार-रविवारी उडून लायसन्स मिळत असेल तर मग राजीनामा कशाला? सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही.’

घरखर्चाचा हिशेब लेखात नव्हता, ही उणीव मान्य. शनिवार-रविवारी उडून लायसन्स मिळतं हे लेखातलं वाक्य अर्धवट होतं आणि अर्धवट असल्यामुळे चुकीचं होतं, हेही मान्य. पण या वयात हा मार्ग धरणं म्हणजेच घराशी खेळ, हे मला पटत नाही. खेळ होतो तो क्रम चुकल्यामुळे. राजीनामा ही या वाटेवरची पहिली पायरी नव्हेच. त्याच्या आधी बरंच काही करायचं असतं आणि ते सगळं पगार चालू असतानाच करता येतं.

सुरुवात क्लास वन मेडिकलने, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणाऱ्या आरोग्य तपासणीने. कुठल्याही फ्लाइंग स्कूलला एक पैसाही देण्याआधी. त्यात ईसीजी, ऑडिओग्राम, रक्त-लघवी, नजर आणि रंगज्ञान तपासतात. आयकाओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, निकष दूरच्या नजरेसाठी प्रत्येक डोळ्याला ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ असा आहे. चष्मा लावून हे आकडे गाठले तरी चालतं, फक्त उड्डाणात दुसरा चष्मा हाताशी ठेवावा लागतो. अडचण येते ती अनपेक्षित ठिकाणी. रंगदोष असलेल्या माणसाला कधीकधी चाळिशीपर्यंत त्याचा पत्ताही नसतो, कारण इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्या त्याच्यासमोर कुणी कधी धरलेल्याच नसतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर नेमकी कोणती ते सांगून विचारा, कारण काही औषधं चालतात, काही नाही. इन्शुलिन घेणारा माणूस मूळ निकषात बसत नाही. काही देश कडक अटींवर सूट देतात. आणि फॉर्मवर काहीही लपवू नका. लपवलेलं पुढे उघड झालं तर लायसन्स जातं, आणि तोवर सगळे पैसे खर्च झालेले असतात.

चाळिशीचा एक खास मुद्दा, जो तपासणीत सहसा कुणी समजावून सांगत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं वाचायचा भाग भिंगाच्या खालच्या बाजूला असतो. प्रवासी विमानात काही स्विच डोक्यावरच्या पॅनलवर असतात. तिकडे बघायला मान वर केली की नजर भिंगाच्या वरच्या, म्हणजे दूरच्या भागातून जाते आणि हातभर अंतरावरची अक्षरं पुसट होतात. नेत्रतज्ज्ञाला बसायची जागा, पॅनलपर्यंतचं अंतर आणि डोक्यावरचं पॅनल हे सगळं सांगितलं तर भिंग तसं करून मिळतं. निकषातही ३० ते ५० सेंटिमीटरवरचं आणि १०० सेंटिमीटरवरचं अशी दोन्ही अंतरं वेगवेगळी पाहतात.

मेडिकल हातात आलं की नोकरी सांभाळून पंधरा-वीस तास उडायचं. इथे शनिवार-रविवार अगदी योग्य. साधारण एवढ्या तासांत बहुतेकांना सर्किट, म्हणजे उडून विमानतळाभोवती फेरा मारून पुन्हा उतरणं, जमायला लागतं, काहींचं पहिलं सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाणही होतं. वयामुळे थोडा उशीर लागला तर घाबरू नका, पण शिकवणाऱ्याला स्पष्ट विचारा : ‘ही प्रगती धंद्यासाठी पुरेशी आहे की छंदासाठी?’ चांगला इन्स्ट्रक्टर खरं सांगतो. इथवर येऊन थांबलात तर गेलेली रक्कम सहन होण्यासारखी असते. खाजगी लायसन्सची आयकाओची किमान अट ४० तासांची आहे. तेवढ्यावर थांबून हौसेने उडत राहणं हाही चांगला शेवट आहे.

त्याच काळात पुस्तकं उघडायची. आयकाओच्या यादीत हवाई कायदा, विमानाचं सर्वसाधारण ज्ञान, कामगिरी-नियोजन-भारवाटणी, मानवी क्षमता, हवामान, नेव्हिगेशन, कार्यपद्धती, उड्डाणाची तत्त्वं आणि रेडिओ संभाषण असे नऊ विषय आहेत. चाळिशीतल्या माणसाचं घोडं सहसा नेव्हिगेशनला अडतं, कारण गणित सुटून वीस वर्षं झालेली असतात. उदाहरण घ्या. ४० किलोमीटर उडून झाल्यावर लक्षात आलं की मार्गापासून आपण २ किलोमीटर उजवीकडे आहोत. ६० किलोमीटरला १ किलोमीटर म्हणजे १ अंश, या ठोकताळ्याने २ गुणिले ६० भागिले ४०, म्हणजे ३ अंश चूक. एवढे अंश डावीकडे वळलं की विमान मार्गाला समांतर होतं. मूळ मार्गावर परतायचं तर त्याहून जास्त वळायला हवं. टेबलाशी बसून हे कुणालाही जमतं. एक हात कंट्रोलवर आणि कान रेडिओकडे असताना जमायला हवं असेल तर रोज सकाळी पाऊण तास अशी गणितं सोडवायची, महिनोन् महिने. मात्र पेपर फार लवकर देऊन टाकू नका. पास झालेल्या पेपरांनाही मुदत असते, ती देशागणिक वेगळी आहे. मुदत संपायच्या आत लायसन्स पदरात पडलं नाही तर पुन्हा परीक्षा.

आता तुमच्या नेमक्या प्रश्नाकडे. सगळंच शनिवार-रविवारी का करू नये?

व्यावसायिक लायसन्सला आयकाओची किमान अट २०० तास, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून केलं तर १५०. त्यात कप्तान म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असताना, १०० तास (अभ्यासक्रमात ७०) आणि किमान ५४० किलोमीटरचं एक लांबचं उड्डाण, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. तुमच्या देशाचे नियम याहून कडक असू शकतात. वर्षातले पन्नास आठवडे धरा. पाऊस, धुकं, वारा, विमान दुरुस्तीला, इन्स्ट्रक्टर आजारी, मुलांची परीक्षा यांत एक तृतीयांश जातील असं समजा. उरलेल्या तेहतीस-चौतीस आठवड्यांत दर वेळी दोन तास म्हणजे वर्षाला सदुसष्ट-अडुसष्ट तास. कागदावर तीन वर्षं. प्रत्यक्षात तीन वर्षांत पुरं होत नाही, कारण हात विसरतो.

हात विसरतो म्हणजे काय? सर्किटचा एक फेरा साधारण सहा मिनिटांचा. तासाच्या धड्यात टॅक्सी (विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत नेणं-आणणं) आणि इंजिनाची तपासणी वजा केली की सात-आठ लँडिंग पदरात पडतात. तीन आठवडे खंड पडलेला विद्यार्थी धावपट्टीवर येतो तेव्हा विमानाचं नाक उचलायच्या क्षणी त्याची नजर पट्टीच्या दूरच्या टोकाकडे जायला हवी. ती समोरच्या डांबरावरच चिकटून राहते. जमीन अंगावर येतेय असं वाटून तो नाक जास्त ओढतो, विमान पुन्हा वर उचललं जातं, वेग पडतो आणि चाकं दाणकन आदळतात. दुसऱ्या फेऱ्यात त्या धास्तीने कमी ओढतो, मग पुढचं चाक आधी टेकायची भीती. तीन-चार फेरे जुनंच परत मिळवण्यात जातात. म्हणजे मीटर तासाचं फिरलं आणि नवीन शिकणं झालं अर्ध्या तासाचं. इन्स्ट्रुमेंट उड्डाणात, म्हणजे बाहेर न बघता फक्त डायलवर उडताना, तर हे आणखी वाईट, कारण नजर एका डायलवरून दुसऱ्यावर फिरवत राहायची सवय सगळ्यात आधी मोडते. या खर्चात घराला बुडवतो तो खंड, आणि माझ्या मूळ लेखात हे ठळक यायला हवं होतं.

म्हणून पहिले पन्नास-साठ तास आणि सगळे पेपर नोकरीत राहून. उरलेले एकशेचाळीस-दीडशे तास, विशेषतः इन्स्ट्रुमेंट रेटिंग (तशा उड्डाणाची परवानगी) आणि मल्टी-इंजिन, एका सलग पट्ट्यात. आठवड्याला पाच तास धरले आणि हवामानाचे दिवस वगळले तर सात-आठ महिने. एवढी बिनपगारी रजा मिळते का ते आधी विचारा. बऱ्याच लोकांना विचारायचं सुचतच नाही, थेट राजीनामाच सुचतो.

पैशाचा हिशेब घरखर्चाच्या महिन्यांत करा. सलग प्रशिक्षणाचे आठ महिने. लायसन्सनंतर नोकरी लागेपर्यंत बारा. टाइप रेटिंग (एअरलाइनच्या विशिष्ट जातीच्या विमानाचं प्रशिक्षण) आणि लाइन ट्रेनिंग (नेहमीच्या प्रवासी उड्डाणांवर देखरेखीखाली शिकणं) धरून पूर्ण पगार सुरू होईपर्यंत चार. एकूण चोवीस महिने. त्यातून तुमची मिळकत वजा करा, कर्जाचा हप्ता मिळवा. ही रक्कम वेगळ्या खात्यात हवी, प्रशिक्षणाच्या पैशात मिसळलेली नको. प्रशिक्षणाचं कोटेशन बहुतेक वेळा किमान तासांवर काढलेलं असतं. त्यावर निदान चौथा भाग वाढवून धरा. जादा तास, फेरपरीक्षा, चाचणीसाठी विमानाचं भाडं, लँडिंग फी हे सगळं त्यातच निघतं. पंच्याऐंशी टक्के प्रशिक्षण होऊन पैसा संपणं ही सगळ्यात वाईट अवस्था. पुन्हा पैसा जमेपर्यंत हात विसरलेला असतो आणि पंचाहत्तर टक्क्यांपासून नव्याने सुरुवात होते. राहतं घर पुन्हा गहाण टाकून तर हे मुळीच करू नका.

स्कूल निवडताना आज किती विमानं उडण्याच्या स्थितीत आहेत ते हँगरमध्ये उभं राहून मोजा. वेबसाइटवरचा आकडा धरू नका. दोन इंजिनांचं विमान एकच असेल तर ते शंभर तासांच्या तपासणीला गेलं की त्या टप्प्यावरचे सगळे विद्यार्थी बसून राहतात. एखादा सुटा भाग यायला उशीर झाला तर आठवडेच्या आठवडे. गेल्या दोन वर्षांत पूर्ण झालेल्यांना प्रत्यक्ष किती तास आणि किती महिने लागले, हे विचारा. उत्तर टाळलं तर दुसरीकडे चला. सगळी फी आगाऊ भरायची नाही, सवलत कितीही असो. स्कूल बुडालं तर आगाऊ पैसे दिलेला विद्यार्थी पैसे येणं असलेल्यांच्या रांगेत शेवटी उभा असतो. टप्प्याटप्प्याने, उडालेल्या तासांपुरते पैसे द्या.

लायसन्स मिळाल्यानंतरच्या बारा महिन्यांवर तुम्ही ‘एवढे का?’ म्हणाल. भरती लाटांवर चालते. २००१, २००८ आणि २०२० नंतर ती आखडली, २०२० मध्ये तर जवळपास थांबलीच, आणि त्याच सुमाराला लायसन्स घेऊन बाहेर पडलेले अडकले. थांबण्याच्या काळातही खर्च चालूच राहतो, कारण इन्स्ट्रुमेंट रेटिंग जिवंत ठेवायला ठरावीक काळाने चाचणी द्यावी लागते आणि मुलाखतीआधी सिम्युलेटरवर हात ताजा करावा लागतो. अमेरिकेत २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही सर्वसाधारणपणे १,५०० तास लागतात. तिथे मधली वर्षं इन्स्ट्रक्टर म्हणून काढावी लागतात, आणि ते उत्पन्न हवामानावर अवलंबून. एमपीएल (मल्टी-क्रू पायलट लायसन्स) नावाचा एअरलाइनशी जोडलेला रस्ता २००६ पासून आहे, आकर्षकही दिसतो. पण त्या लायसन्सवर दोन वैमानिकांच्या विमानातच काम करता येतं. ती एअरलाइन मागे हटली तर हातातला कागद दुसरीकडे फारसा चालत नाही. पाठीशी कुटुंब असलेल्याने साधं सीपीएल, म्हणजे वर सांगितलेलं व्यावसायिक लायसन्स, घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

नोकरी लागल्यावर पहिली काही वर्षं पगार सध्याच्या पगाराहून कमी असू शकतो. आणि जिथे ज्येष्ठतेवर चालतं तिथे बेचाळीस वर्षांचा नवखा पंचविशीतल्या सहकाऱ्याच्या खाली असतो. सुट्ट्यांच्या दिवशी स्टँडबाय (बोलावलं की निघायच्या तयारीत राहणं) त्याच्या वाट्याला, बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते ठिकाण, दुसऱ्या शहरात. घर हलवायचं की त्यांनी ये-जा करायची, हे आजच बोला. ये-जा केली तर विश्रांतीचे दिवस प्रवासात जातात, आणि मूल तापाने फणफणलं की रात्री तुम्ही एकट्या.

वयाचं गणित सांगते. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक वाहतुकीत दोन वैमानिकांच्या विमानात ६५ पर्यंत, एकट्याने उडवायचं असेल तर ६० पर्यंत. त्रेचाळीसला रुजू झाले तर बावीस वर्षं मिळतात. पण ईसीजी पन्नाशीपर्यंत निदान दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होतो. एकट्याने प्रवासी नेणाऱ्याचं मेडिकल चाळिशीनंतर सहा महिन्यांपुरतंच चालतं. एका रिपोर्टवर घराचं उत्पन्न थांबू शकतं, म्हणून लायसन्स गमावल्याचा विमा पहिल्या पगारापासून घ्या. जुन्या व्यवसायाची नोंदणी किंवा परवाना असेल तर तो नूतनीकरण करत राहा. मिस्टरांना तो जुना वाटला तरी.

आणि थांबायचा आकडा आज दोघांनी मिळून कागदावर लिहा : एकूण किती रक्कम, आणि लायसन्सनंतर किती महिने वाट पाहायची. नंतर, अर्ध्या वाटेवर, तो ठरवता येत नाही. तेव्हा ‘आणखी थोडेच तास’ असंच वाटत राहतं. मेडिकलचा निकाल आला की इथे कळवा. त्यावर काही अट पडली असेल तर वरचे चोवीस महिने त्या अटीप्रमाणे पुन्हा मांडून देते.