सासरेबुवा आणि खेकडा

सासऱ्यांना दिल्ली दाखवायची म्हणजे कुतुबमिनार, लाल किल्ला, संध्याकाळी चाट आणि झोप, असा माझा साधा प्लॅन होता. पण आमचे सासरेबुवा मुंबईकडच्या लोको शेडमधून फिटर म्हणून रिटायर झालेले, त्यांना चाणक्यपुरीतलं रेल म्युझियमच बघायचं होतं, ते पण मे महिन्यात, ते पण भर दुपारी. हे म्युझियम १९७७ चं, आणि इंजिनं बरीचशी उघड्यावर, म्हणजे चारी बाजूंनी तापलेलं लोखंड आणि मधे जावई. ही पोराला घेऊन टॉय ट्रेनच्या लायनीत सटकली.

सासरे पाट्या वाचत नाहीत, तपासतात. पटियालाची १९०७ ची मोनोरेल, एक चाक रुळावर आणि दुसरं मोठं चाक चक्क रस्त्यावर, सुरुवातीला तर ती खेचरं ओढायची, मला भारी वाटली, पण ह्यांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "मेंटेनन्सवाल्याचे हाल झाले असतील हो." संपला विषय.

कारण खरं काम पुढे होतं. सर लेस्ली विल्सन. हे एकेकाळचे मुंबईचे गव्हर्नर, पण इथे त्यांच्या नावाचं विजेचं इंजिन उभं आहे, १९२८ च्या सुमाराचं, दोन्ही टोकांना लांबलचक नाक, चाकांना बाहेरून रॉड. बोरघाटात ३७ फुटाला एक फूट चढ, तिथे ह्याचे भाऊबंद मालगाड्या ओढायचे. चालताना डुलायचं आणि नुसतं उभं असलं तरी कण्हायचं, म्हणून आपली रेल्वेची माणसं त्याला खेकडा म्हणायची.

"कण्हायचं म्हणजे कसं?" मी विचारलं.

तर त्यांनी आवाज काढून दाखवला. मोठ्याने. मग डुलूनही दाखवलं. गर्दी जमली. पोरंटोरं वन्समोअर मागायला लागली, आणि सासरे सुटले, मुंबईच्या हिंदीत पँटोग्राफ, ब्रेकब्लॉक, कर्जतला घाट चढायला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं, सगळं, मी छत्री धरून उभा, पाणी संपलेलं, आणि "चला बाबा" म्हणायची जावयाला सोय नाही.

शेवटी एका पंजाबी काकांनी त्यांना गाईड समजून हातात पन्नासची नोट ठेवली. मला वाटलं आता भडकणार. त्यांनी नोट नीट घडी करून खिशात टाकली आणि म्हणाले, "जावईबापू, चहा माझ्याकडून. पण आधी ती मागची डिझेलं बघून घेऊ."