‘महिन्यात आठ बँड’वाल्या मेसेजबद्दल

“व्याकरणाच्या नादी लागू नका. एक टेम्प्लेट, शंभर भारी शब्द आणि थोडा ब्रिटिश अ‍ॅक्सेंट. महिन्यात आयईएलटीएसला आठ बँड!” आयईएलटीएस म्हणजे इंग्रजी किती येतं ते मोजणारी परीक्षा आणि बँड म्हणजे तिचे 9 पैकी मिळणारे गुण. तिची तयारी करणाऱ्यांच्या ग्रुपवर हा मेसेज सतत फिरत असतो. काही शिक्षकही तो बिनदिक्कत फॉरवर्ड करतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

टेम्प्लेट, म्हणजे उत्तराचा तयार साचा. रायटिंगचे गुण चार निकषांवर मिळतात: प्रश्नाला धरून उत्तर, सुसूत्रता, शब्दसंपदा, व्याकरण. चौघांना वजन सारखं. म्हणजे व्याकरण सोडा म्हणणारा पाव हिस्सा गुणांवर आधीच पाणी सोडतो! टेम्प्लेटचा फटका बसतो तो पहिल्या निकषाला. समजा, प्रश्न आहे: शहराच्या मध्यभागी खासगी गाड्यांना बंदी असावी, याच्याशी तुम्ही कितपत सहमत आहात? उत्तर सुरू होतं ‘इन धिस कंटेम्पररी एरा, इट इज अ हायली डिबेटेबल इश्यू’ असं. मग फायद्यांचा एक परिच्छेद, तोट्यांचा एक. कितपत सहमत, ते शेवटपर्यंत कळत नाही. शिवाय ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’ प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी. जोडशब्दांचा असा अतिरेक ही बँड 5 ची खूण आहे. बँड 9 च्या वर्णनात वाक्यांची जोडणी क्वचितच लक्षात येते. आणि अख्खं उत्तर पाठ केलेलं आहे याचा पुरावा मिळाला, तर बँड शून्य. हे निकष कुणालाही वाचायला खुले आहेत, पण मेसेज वाचणाऱ्यांपैकी ते उघडतं कोण?

भारी शब्द. ‘अमेलिओरेट’ (सुधारणे) पाठ केलेला विद्यार्थी लिहितो, ‘द गव्हर्नमेंट शुड अमेलिओरेट द मनी’. परिस्थिती अमेलिओरेट होते, पैसे नाहीत. परीक्षक शब्दाची लांबी मोजत नाही, तो शब्द कुठल्या शब्दाशेजारी बसलाय ते पाहतो. ‘स्पेंड मोअर ऑन पब्लिक ट्रान्सपोर्ट’ साधं असेल, पण बिनचूक आहे. शब्द यादीतून उचलण्याऐवजी वाचताना दिसलेल्या वाक्यासकट वहीत उतरवा.

अ‍ॅक्सेंट. स्पीकिंगमध्ये उच्चारांना गुण आहेत, ब्रिटिश वाटण्याला नाहीत. ऐकणाऱ्याला सहज कळलं पाहिजे, बस्स. उसन्या अ‍ॅक्सेंटपायी मुलं अडखळतात आणि ओघाचे गुणही घालवतात. त्यापेक्षा आघात सुधारा: ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर. मेहनत इथे घ्या.

जितकं लांब तितके गुण, असंही त्याच मेसेजमध्ये असतं. नाही. टास्क 2 ला, म्हणजे रायटिंगमधल्या निबंधाला, किमान 250 शब्द हवेत. चारशे लिहून तपासायला वेळ न उरणं हा तोट्याचाच सौदा.

राहिला महिना. सीईएफआर ही भाषेच्या पातळ्यांची युरोपीय मोजपट्टी, ए 1 पासून सी 2 पर्यंत. बँड 6 ढोबळमानाने तिच्या बी 2 पातळीत येतो, बँड 7 सी 1 मध्ये आणि बँड 8 सी 1 च्या वरच्या टोकाला. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिज संस्थेच्या अंदाजाने बी 2 ते सी 1 ही एक पायरी चढायला मार्गदर्शनाखाली सुमारे 200 तास लागतात. तीस दिवसांत बसवायचे तर रोज जवळजवळ सात तास, एकही सुट्टी न घेता. ज्याचं इंग्रजी आधीच त्या पातळीचं आहे, त्याला प्रश्नांची धाटणी आणि वेळेचं गणित शिकायला महिना पुरतो. ‘महिन्यात आठ’ सांगणारे बहुतेक याच गटातले असावेत. सुरुवात कुठून केली होती, तेवढं विचारून पाहा.